बिजलीचा अधिक महिना

गायीला काहीतरी खाऊ घालायला निघालेला माणूस दिसला की माझं डोकं आजही फिरतं. मी राहते त्या वस्तीच्या कोपऱ्यावर एक बाई गाय बांधून बसते, पुढ्यात हिरव्या गवताच्या पेंढ्या. गवताबद्दल माझी काही तक्रार नाही, ते गायीचंच अन्न आहे. पण सोमवार आला की गाड्या थांबतात, काचा खाली होतात आणि आतून कालच्या लग्नातल्या पुऱ्या, शिळा भात, जिलेब्या असं सगळं गायीपुढे रिकामं होतं. मग तिच्या पाठीला हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा आणि गाडी सुरू करून निघून जायचं. मी दोन-तीनदा भांडले आहे. एका तरुणाने मला ऐकवलं, "आंटी, पुण्याचं काम करून राहिलो, तुमाले काय त्रास हाये?" मला काय त्रास आहे ते भर रस्त्यात, ऊन डोक्यावर घेऊन सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आता बसून लिहिते आहे. आमची बिजली कोणी मारली, हे एकदा कुठेतरी स्वच्छ लिहिलेलं असावं.

आमचं गाव कोराडीच्या वीजकेंद्राला लागून. अंगणात उभं राहिलं की धुरांडी दिसायची, भोंग्यावर माय भाकरी टाकायला बसायची, आणि कोळशाचे ट्रक गेले की भिंतीवरची भांडी किणकिणायची. इथली वीज कुठे-कुठे जायची देव जाणे, आमच्या घरात मात्र बरीच वर्षं कंदीलच. त्यामुळे गोठ्यात ही कालवड जन्मली तेव्हा बाबांनी तिचं नाव बिजली ठेवलं. "सरकारनं नाई देल्ली, आमच्या गायीनं देल्ली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तिची आई साधी गावरान, पण बिजलीत जरसीचं रक्त होतं. अंगाने तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभावाने इतकी गरीब की मी अभ्यास करताना तिच्या पोटाला पाठ टेकून बसत असे. तिचं रवंथ करणं पाठीला जाणवायचं. त्या आवाजात मी अख्खा भूगोल पाठ केलेला आहे.

बाबांचं सगळं चित्त गव्हाणीपाशी. "दूध कासेत नसते वं, गव्हानीत असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. संध्याकाळी सरकीची ढेप, म्हणजे पेंड, फोडून पाण्यात भिजत घालायची. सकाळी ती फुगली की तुरीच्या कुटारात, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या पाल्या-टरफलांच्या भुशात, ती हाताने कालवायची. वर थोडी डाळीची चुनी, मूठभर मीठ. हे आंबोण पुढे ठेवल्याशिवाय बाबा कासेला हात लावत नसत. दूध वाढलं की ढेप वाढायची, पण हळूहळू. कडब्यावरून मक्यावर न्यायचं तरी आधी चारच ताटं मिसळायची. त्यांचं म्हणणं असं, की नवा पाहुणा आधी अंगणात बसतो, मग ओसरीवर येतो, एकदम सैपाकघरात कोणी घुसत नाही. गायीच्या पोटाचंही तेच. विहिरीजवळच्या मक्यावर केंद्राची राखड बसायची. माय पेंढीपेंढी झटकून मगच टाकायची, आणि तिचे केस संध्याकाळपर्यंत म्हातारीसारखे होऊन जायचे.

बाबा सगळंच बरोबर करत होते असं मात्र नाही. गाय आटली की तिची ढेप बंद. "दूध नाई तं ढेप काहून?" हा त्यांचा हिशेब. माय चिडायची. "पोटात लेकरू हाये तिच्या. आता नाई खाईन तं जनल्यावर दूध कुठून काढन, तुमच्या धोतरातून?" असं म्हणून ती बाबा शेतावर गेले की पदराखाली ढेपेचा तुकडा घेऊन गोठ्यात जायची. मी बारावीला होते त्या वर्षी बिजली व्याली ती तरतरीत व्याली आणि चरव्या भरायला लागली, त्यात मायच्या पदराचा वाटा मोठा होता. चीक घरोघर गेला. खरवसाच्या वड्या आम्हालाही मिळाल्या, जायफळ घातलेल्या. एरवी घरचं दूध आमच्या वाट्याला चहापुरतं. बाकी सगळं बाबा सायकलला कॅन लावून वीजकेंद्राच्या कॉलनीत घालायचे.

त्या कॉलनीत सगळ्यात मोठा बंगला मोठ्या साहेबांचा. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणायचो. त्या पुण्याकडच्या. वाईट बाई होत्या असं मी म्हणणार नाही. बारावीची पुस्तकं त्यांनी मला आपल्या मुलीची दिली होती, कव्हरं घालून. मी परीक्षा देऊन घरी होते त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला, जेठाचा. आमच्या गावात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, नदीवर आंघोळ करायची, एवढंच आमच्याकडे. मोठ्या बाईंना मात्र कोणीतरी सांगितलं होतं की महिनाभर रोज सवत्स गायीला पुरणाचा घास दिला की पुण्याला अंत नाही. सवत्स म्हणजे वासरू असलेली. त्यांनी बाबांना विचारलं, "सकाळी धार काढून झाली की गाय आणि वासरू घेऊन येत जाल का इकडे? आम्ही चौघी-पाचजणी आहोत." बाबांना केवढा मान वाटला. घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

माय चुलीपुढे होती. ती म्हणाली, "आयकता का, गाय हाये का जावई? धोंडे खाऊ घालून राहिले तिले."

"एकेक घास त देनार हायेत. त्यानं काय होते?"

"एका बाईचा एक घास. तिकडं बाया किती हायेत?"

"गोग्रास हाये शोभाची माय. गोग्रासाले नाई म्हनता येत नाई," बाबा म्हणाले आणि विषय संपला.

तर ही एवढी एक गोष्ट होती. ढेप मुठीने मोजणारा माणूस, मक्याची चार ताटं मिसळून पोटाची ओळख करून देणारा माणूस, पण त्याच अन्नाचं नाव 'गोग्रास' झालं की त्याचे हात जोडले जात. पुरणपोळी पुण्यासाठी दिलेली आहे हे गायीच्या पोटाला कळत नाही. पण हे बाबांना सांगायचं कोणी? मी म्हटलं तर "चार बुकं शिकली म्हनून देवाधरमाले नावं नको ठेवू वं" हे ठरलेलं. मी गप्प बसणारी नव्हते, तरी घरात माझं बोलणं चरवीतल्या फेसासारखं होतं, दिसायचं खूप आणि खाली जायचं नाही.

पहिले काही दिवस बिजलीने दूध वाढवलं. बाबा मला हसून दाखवायचे, बघ म्हणायचे. मग ती कुटाराला तोंड लावेना. हुंगायची आणि मान फिरवायची, गोडाची चटक लागलेल्या पोरासारखी. तिकडे चौघी-पाचजणींच्या दहा-बारा झाल्या होत्या, कारण पुण्याची बातमी कॉलनीत दुधाआधी पोचते. एकीचं पुरण, दुसरीची खीर, तिसरीकडे गुळात भिजवलेले गहू. प्रत्येकीला वाटायचं आपण घासभरच देतो आहोत. शेण पातळ व्हायला लागलं. संध्याकाळी पाठ टेकून बसले तर रवंथ जेमतेम. मी मायला सांगितलं, मायने बाबांना सांगितलं, बाबांनी तोंड वाकडं केलं आणि बिजलीला सुंठ-गूळ चारला. पुन्हा गूळच.

आणि मग दूध पातळ झालं. रंग तोच, पण तापवल्यावर साय धरेना. जे पोटात जातं तेच कासेत उतरतं, वैरण सुटली की दुधाचा दाटपणा जातो, हे गोठ्यातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण कॉलनीतल्या बाईला एकच कारण ठाऊक होतं. एका सकाळी मी बाबांबरोबर गेले होते, वासरू धरायला. मोठ्या बाईंनी बिजलीला पुरणाचा गोळा भरवला, तिच्या पायावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, आणि हात पुसत बाबांना म्हणाल्या, "दुधाचं जरा बघा हो. हल्ली फार पातळ येतंय. निदान अधिक महिन्यात तरी पाणी घालू नये माणसाने."

बाबा काळेठिक्कर पडले. त्यांनी बिजलीच्या शिंगाला हात लावला आणि म्हणाले, "बाईसाहेब, गायीची आन. पान्याचा थेंब नाई." त्यावर मागे उभ्या असलेल्या एक बाई हसल्या. आन घेणारे सगळेच असतात, असं काहीतरी पुटपुटल्या. हातात पुरणाचा गोळा घेऊन गायीचं दूध नासवायचं आणि तेच दूध पातळ म्हणून गाईवाल्याला चोर ठरवायचं. याला काय म्हणावं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणवत नाही, कारण त्या चोर नव्हत्याच. त्या भाविक होत्या, आणि भाविक माणसाशी भांडताना पदरी नेहमी हार येते.

वाटेत मी म्हटलं, "बाबा, उद्यापासून नका नेऊ तिले."

"आता नाई नेलं तं म्हनतीन, पानी घालत होता, पकडल्यावर रागावला," बाबा म्हणाले. "आता अवस अशीच आली."

अमावास्येला महिना संपणार होता. शेवटचा दिवस म्हणून सगळी कॉलनी लोटली. बंगल्यासमोर मांडव घातला होता. परातीत धोंडे रचलेले, पुऱ्या, गूळ-गव्हाची घुगरी, तांदळाची खीर. ज्यांनी महिनाभर काही केलं नव्हतं त्यांनाही शेवटच्या दिवशी पुण्य हवं होतं. मायने मला मुद्दाम पाठवलं होतं, "मले बलावलं नाई, तू जाय, अन् लवकर सोडवून आन." मी दोनदा म्हटलं, बाई, आता पुरे, तिचं पोट भरलं. एकीने माझा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "अगं, गाय कधी नको म्हणते का?" बिजली खरंच नको म्हणत नव्हती. ती खात होती. जनावराला नको म्हणता येत नाही म्हणून तर माणसाने म्हणायचं असतं. बाबा दाव्याचं टोक हातात धरून, डोक्यावरचा रुमाल काढून, हात जोडून उभे होते.

दुपारनंतर तिने कान पाडले. पोट टणक, पण आतून पाणी हलल्यासारखा आवाज. दात खात उभी राहिली, मग बसली ती उठेना. माय तिच्या पोटाला तेल चोळत होती. बाबा सायकल दामटत जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर नागपूरचेच, बोलायला फटकळ. त्यांनी तोंडाचा वास घेतला, शेण पाहिलं आणि विचारलं, "काय खिलवलं हिले?"

मी सगळं सांगितलं, परातीसकट.

"हे पोट गवतासाठी बनलं हाये भाऊ. येवढा कणीक-गूळ एकदम गेला तं आत सगळं आंबून जाते, दारूच्या भट्टीसारखं. त्याचं जहर रगतात जाते," ते बाबांना म्हणाले. "मना कराले काय झालं होतं तुमाले?" त्यांनी नळी घातली, खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, सुई दिली, आणि जाताना मायला बाजूला घेऊन सांगितलं की आशा ठेवू नका. पहाटे भोंगा व्हायच्या आधी बिजली गेली. वासरू बाहेर ओरडत होतं. बाबांनी तिच्या मानेवर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडले.

बिजलीच्या गळ्यात दावं तसंच होतं. आमच्याकडे बांधलेली गाय दाव्यासकट मेली की ती मरण म्हणत नाहीत, हत्या म्हणतात, आणि ती मालकाच्या माथी. सकाळी बाबांचे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा, आले, त्यांनी गोठ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "दावं काहून नाई सोडलं गा?" त्यांनी कोणी काय चारलं ते विचारलं नाही. माय बोलायला गेली तर म्हणाले, "गोग्रासानं कधी गाय मेली का वं? काहीतरी बोलून राहिली." म्हणजे झालं. ज्यांनी खाऊ घातलं त्यांच्या नावावर पुण्य जमा, आणि ज्याने दावं सोडलं नाही त्याच्या माथ्यावर गोहत्या. एकाच दुपारची ही वाटणी. महिना धोंड्याचा, पुरण त्यांचं, आणि धोंडा आमच्या डोक्यात.

हत्येचं प्रायश्चित्तही ठरलेलं. मेलेल्या गायीचं दावं मालकाने आपल्या गळ्यात घालायचं आणि आजूबाजूच्या गावांतून दारोदार भीक मागायची. सगळं फिरून होईपर्यंत माणसासारखं बोलायचं नाही. दारात उभं राहून फक्त गायीसारखं हंबरायचं. मग नदीवर आंघोळ, गावजेवण, तेव्हा माणूस परत माणसांत. बरोबर घरचं एक जण असतं, ते सांगतं की हत्या झाली आहे, भीक वाढा. माय वासराला बाटलीने दूध पाजत बसली होती, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी आदळआपट केली. "तुमी काय मारली तिले? काहून घालता गळ्यात?" बाबा म्हणाले, "दावं माह्या हातात होतं ना वं." आणि त्यांनी ते गळ्यात घातलं.

माझे बाबा गावात आवाजासाठी ओळखले जायचे. भजनात त्यांचा आवाज दोन आळ्या पलीकडे जायचा. त्या आवाजाने ते दारोदार हंबरत होते. पोरं मागून यायची आणि नक्कल करायची. बायका सुपातून जवारी आणायच्या, दुरून झोळीत टाकायच्या आणि अंग चोरायच्या. मी पढवल्यासारखं म्हणायचे, हत्या झाली माय, भीक वाढा, आणि दर वाक्याला माझी जीभ कडू व्हायची. उन्हाने रस्ता तापला होता आणि बाबा अनवाणी होते. असं फिरत-फिरत आम्ही कॉलनीच्या फाटकाशी आलो. मी म्हटलं इथे नको. बाबांनी मान हलवली आणि आत वळले, कारण दार चुकवलं तर प्रायश्चित्त लागू पडत नाही.

मोठ्या बाईंनीच दार उघडलं. बाबा हंबरले. बाईंनी तोंडावर पदर धरला, डोळ्यांत खरोखर पाणी आलं त्यांच्या. "अरेरे, केवढी गुणी गाय. कालपर्यंत माझ्या हातचं खात होती," असं म्हणत त्या आत जाऊन तांदूळ घेऊन आल्या, आणि झोळीत घालताना हळूच मला म्हणाल्या, "घरी काही वेडंवाकडं खाऊ घातलं का गं तिला?"

मग मी थांबले नाही. "खाऊ तुमी घातलं बाई," मी म्हटलं. "परातीनं घातलं. डॉक्टर सांगून गेले, पुरणानं अन् गव्हानं पोट आंबून मेली. माह्या बाबानं महिनाभर तुमचं आयकलं, वरून पान्याचा आरोप घेतला. गाय तुमी मारली अन् दावं त्यायच्या गळ्यात हाये. हंबराचं असन तं तुमी हंबरा." आज माझी साठी उलटली आहे, आणि त्यातला एक शब्दही मला परत घ्यावासा वाटलेला नाही.

बाईंचा हात झोळीवर तसाच राहिला. तेवढ्यात बाबा बोलले. इतका वेळ माणसाचा एक शब्द न काढलेले माझे बाबा हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, पोरगी लहान हाये. मनाले नका लावून घेऊ."

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. बाई "असू दे, असू दे" म्हणाल्या, चेहरा पांढरा झाला होता, आणि दार लागलं. तिथे आमच्याशिवाय कोणी नव्हतं आणि बाई काही गावात सांगायला येणार नव्हत्या. तरी घरी पोचल्यावर बाबा सरळ मोठेबाबांकडे गेले आणि मौन मोडलं म्हणून स्वतःच सांगून आले. मोठेबाबा म्हणाले, लागू पडलं नाही, पुन्हा पहिल्या दारापासून. मायने हातातली बाटली जमिनीवर आपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून अंगणात आले. दावं त्यांनी आधीच गळ्यात घातलं होतं. आज मायने बरोबर जायचं ठरलं होतं, कारण माझ्या तोंडाचा भरवसा राहिला नव्हता. मी दारात आडवी उभी राहिले. "बाबा, जग जाऊ द्या चुलीत. मले येवढंच सांगा, तुमाले सोताले काय वाटते? तुमी मारली का बिजलीले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी मान वर केली, आणि माझ्यासमोर, आपल्याच दारात, ते हंबरले.